कोण चालवून राहिलं?

समृद्धीवर नागपूरच्या टोकाने चढलं की पहिली काही मिनिटं गाडीत बोलणं असतं. डबा कोणत्या पिशवीत आहे, गॅस बंद केला का, किल्ली शेजारी दिली का. मग बोलणं विरत जातं आणि सिमेंटच्या रस्त्याची एकसुरी घरघर तेवढी उरते. डिसेंबरची सकाळ होती. तुरीच्या शेतांवर धुकं अजून अडकलेलं, काचा आतून ओलसर. मागे मामी शाल गुंडाळून पुटपुटत काहीतरी म्हणत होत्या आणि शेजारी मामा पट्टा लावून असे ताठ बसले होते, जणू गाडी त्यांच्याच सहीने सुटली आहे. मामीच्या भाचीचं लग्न छत्रपती संभाजीनगरला, म्हणून आम्ही निघालेलो. पुढचा रस्ता रिकामा दिसला तसं मी स्टेअरिंगवरचं क्रूझ कंट्रोलचं, म्हणजे ठरवलेला वेग आपणहून धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचं, बटण दाबलं. मीटरच्या खाली एक लहानसं पांढरं चित्र उमटलं. काटा शंभरावर ठरला तेव्हा 'सेट' दाबलं, चित्र हिरवं झालं आणि मी उजवा पाय उचलून मागे घेतला.

मामांचं लक्ष होतं. ते माझ्या पायाकडे बघत होते की मीटरकडे, सांगता येणार नाही, पण त्यांनी विचारलं, "काहून गं, बंद पडलं का ते?"

"काय बंद पडलं?"

"हिरवा लागला नं. हिरवा म्हणजे बंद."

मी हसून म्हटलं, "नाही मामा, हिरवा म्हणजे चालू. गाडी आपणहून शंभर धरून चालते आहे आता." ते फक्त "अस्सं?" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं 'अस्सं?' मला लहानपणापासून माहीत आहे. पटलेलं नसतं तेव्हाच ते येतं. नंतर गाडीत चहाचा थर्मास फिरला, मामीने चिवडा काढला, विषय लग्नातल्या आहेराकडे गेला. पण ते 'अस्सं?' माझ्या डोक्यात बसून राहिलं. बत्तीस वर्षं वीज मंडळात दिव्यांकडे बघण्यातच घालवलेला माणूस एका दिव्याबद्दल शंका घेतो, तेव्हा ती निव्वळ म्हातारपणाची शंका नसते.

मामा कोराडीला होते. औष्णिक वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, पाळीवर. दसऱ्याला कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आत नेत, तेव्हा आम्ही सगळी भावंडं धुतलेले कपडे घालून जायचो आणि परत येईपर्यंत त्या कपड्यांवर राखेची बारीक साय बसलेली असायची. कोराडीच्या वसाहतीत राख हा ऋतूच होता. खिडकीच्या कठड्यावर, तुळशीच्या पानांवर, दोरीवरच्या चादरींवर ती असायचीच, आणि मामी दिवसातून दोनदा ओटा पुसायच्या तरी हाताला खरखर लागायची. केंद्राच्या आत शिरलं की आधी उष्णता अंगावर यायची, मग तेलाचा वास, आणि मग टर्बाइनचा आवाज. तो कानांआधी तळपायांना ऐकू यायचा. मिनिटाला ३००० फेरे, मामा ओरडून सांगायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या अजस्र यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या आणि कुंकवाची बोटं ओढलेली बघून आम्हाला हसू यायचं.

कंट्रोल रूम मात्र गार आणि शांत. भिंतभर कपाटं लावल्यासारखी पॅनेलं, त्यांवर काटे, मुठी, आणि दिव्यांच्या रांगा. लाल, हिरवे, मध्ये कुठे पिवळा. आम्हा मुलांना लाल दिवे बघून भीती वाटली, केवढे तरी लाल दिवे लागलेले! मामा म्हणाले, अरे, लाल आहेत म्हणूनच तर बरं आहे. लाल म्हणजे ब्रेकर, तो विजेचा मोठा खटका, लागलेला, पंप चालू, लाइन जिवंत. हिरवा म्हणजे बंद. पिवळा म्हणजे ट्रिप झाला, आपण बंद केला नाही, त्याचा तो पडला. हे असं उलटं का, असं विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मला आजही आठवतं, कारण मोठ्या माणसाने मला दिलेलं ते पहिलं खरंखुरं उत्तर होतं. दिवा मशिनीसाठी नसतो, ते म्हणाले, मशिनीला हात लावणाऱ्या माणसासाठी असतो. लाल आहे तर हात लावू नको, मरशील. हिरवा आहे तर लाव. आमच्या मामांच्या आयुष्यात सगळं आलबेल असल्याची खूण म्हणजे डोळ्यांसमोर लालेलाल भिंत. आणि रात्री दोन वाजता त्या भिंतीवर हिरवे दिवे ओळीने लागत गेले, की निम्म्या विदर्भात पंखे थांबलेले असायचे. दुसऱ्या दिवशी लग्नाकार्यात पाहुणे मामांनाच गाठायचे, "काय हो, तुमच्या मंडळाने काल दिवे घालवले!"

तेव्हा त्यांना हिरवा दिवा बघून 'बंद' वाटणं अगदी सरळ होतं. गाड्यांचा नियम वेगळ्या घराण्यातला आहे. डॅशबोर्डवर लाल म्हणजे धोका, आधी थांब. पिवळा किंवा केशरी म्हणजे काहीतरी बिनसलंय, जपून. हिरवा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे आणि नीट चालू आहे. निळा तेवढा हेडलाइटच्या लांब झोताला दिलेला. हे जगभर बहुतेक सारखं असतं, आणि इतकं अंगवळणी पडलेलं की त्यामागे कुणाचं तरी ठरवणं आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. रस्त्यावरच्या सिग्नलवाल्यांचं घराणं ते. ब्रेकरवाल्यांचं घराणं वेगळं. दोन्ही घराणी आपापल्या जागी बरोबर, आणि आमच्या गाडीत पुढच्या दोन सीटांवर दोघं शेजारी बसली होती.

ते चित्र कधी नीट बघितलंय का? मी तोवर बघितलं नव्हतं. वेगाच्या मीटरची अर्धगोल तबकडी, आत एक काटा, आणि तबकडीच्या कडेला बाहेरून एका जागी रोखलेला बाण. बस्स. काटा म्हणजे तुम्ही आहात तो वेग, बाण म्हणजे तुम्ही ठरवलेला. मला ते चित्र आवडलं. इतक्या कमी रेघांत इतकं बोलणारी चित्रं डॅशबोर्डवर फार नाहीत. इंजिनाचा तो पिवळा दिवा बघा, नळाच्या तोटीसारखा दिसतो आणि काहीच सांगत नाही. पण या चित्राची गोम अशी की पुष्कळ गाड्यांत ते तसंच राहतं, फक्त रंग बदलतो. पांढरं असताना यंत्रणा जागी आहे, पण गाडी तुमच्याच पायावर चाललेली. हिरवं झालं की वेग तिने धरला. काही कंपन्या पांढऱ्याऐवजी केशरी देतात, काही चित्राशेजारी 'सेट' अशी अक्षरं आणून बसवतात, आणि ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. ज्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही त्यांनी काय करायचं? रात्रीच्या वेळी, चष्म्यावर समोरच्या गाडीचा उजेड फाकलेला असताना, पांढरं की हिरवं हे मलाही चटकन सांगता येत नाही.

मेहकरच्या आसपास मामा पुन्हा विषयावर आले. चिवडा संपला होता आणि मामींना झोप लागली होती, म्हणजे तांत्रिक चर्चेला मैदान मोकळं होतं.

"मला एक सांग. सेट पॉइंट कुठून घेते ही?"

सेट पॉइंट म्हणजे धरून ठेवायचा आकडा, हे कळायला मला क्षणभर लागलं. मी म्हटलं, बटण दाबलं त्या क्षणी जो वेग असेल तो. मामांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "म्हणजे बंपलेस आहे," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. बॉयलरच्या पाण्याची पातळी असो की वाफेचं तापमान, प्रत्येक गोष्टीला पॅनेलवर एक ऑटो-मॅन्युअलची कळ असायची. माणूस हाताने झडप सांभाळत असतो आणि मग ऑटोला टाकतो. त्या क्षणी ऑटोच्या मनातला आकडा आणि खरा आकडा वेगवेगळे असले, तर झडप एकदम उघडते किंवा एकदम मिटते आणि युनिटला हिसका बसतो. म्हणून चांगली यंत्रणा आधी माणसाच्या हाताच्या मागेमागे चालत असते. तो जिथे असेल तिथूनच ती पुढे घेते. देवाणघेवाण कळतसुद्धा नाही. "तुझ्या गाडीने तसं केलं. मघाशी पाय काढला तेव्हा मला कळलंच नाही, म्हणून मी दिव्याकडे पाहिलं."

मग अर्थात पुढचा प्रश्न आला. ब्रेक लावला तर? मी लावून दाखवला, मागे कोणी नाही हे बघून, नुसता टेकवला. चित्र पुन्हा पांढरं. क्लच दाबला तरी तसंच होतं, हे सांगितलं. "आणि ते शंभर कुठं गेलं?" कुठे गेलं नव्हतं. ते तिच्या पोटात असतं. आम्ही आता ऐंशीवर आलो होतो. मी शेजारचं बटण दाबलं, ज्याने जुना आकडा परत लागू होतो, आणि इंजिनाने एकदम दम घेतला. गाडी ऐंशीवरून शंभराकडे निघाली, पाठ सीटला टेकली, मागे मामी जागी होऊन "काय झालं?" म्हणाल्या. मामांनी दोन बोटं वर केली. "हे बंपलेस नाही. हे धोक्याचं आहे." त्यांचं म्हणणं असं की पहिल्या बटणात गाडी माणसाचं ऐकते, दुसऱ्यात माणसाने मघाशी सांगितलेलं ऐकते, आणि मघाशी रस्ता वेगळा होता. समजा तुम्ही शंभर लावून ब्रेक मारलात, एखाद्या फाट्यावरून खाली उतरलात, गावातून हळूहळू चाललात, आणि बोट चुकून त्या बटणावर पडलं. आकडा अजून तिच्या पोटात आहे. पुष्कळशा गाड्यांत ताशी तीस-चाळीसच्या खाली हे लागत नाही, तेवढाच आधार. यंत्रणा पूर्ण बंद केली, चित्रच विझवलं, की मगच ती आकडा विसरते. मामांचा तिथेच आदेश निघाला, टोलनाका आला की विझवायचं. नुसतं पांढरं ठेवायचं नाही.

आणखी एक प्रसंग राहिलाच. पुढे दोन ट्रक शेजारी शेजारी चालले होते, एकमेकांना मागे टाकण्याच्या त्या अनंत प्रयत्नात. दोघांनाही स्पीड लॉक असतो, मग एकाचा ऐंशी आणि दुसऱ्याचा जेमतेम त्याहून जास्त अशी शर्यत कितीही किलोमीटर चालू शकते. वाट मोकळी झाल्यावर मी ॲक्सिलरेटर दाबून पुढे निघाले. काटा एकशेदहाच्या पुढे गेला. मामांनी दिव्यावर बोट ठेवलं. दिवा हिरवाच होता. आता पाय माझा होता, वेग माझा होता, आणि दिवा म्हणत होता की ती चालवते आहे. पाय काढला की गाडी सावकाश शंभरावर परत येते, म्हणून तो हिरवाच राहतो. तिने वेग सोडलेला नसतो, ती वाट बघत थांबलेली असते. हे पुस्तिकेत एका ओळीत लिहिलेलं असतं. मामांना ती ओळ पुरली नाही. ते म्हणाले, "आता मला सांग, ह्या घडीला गाडी तू चालवून राहिली का ती चालवून राहिली?"

मला उत्तर देता आलं नाही.

लग्नघरी रात्री सगळे गप्पांत असताना मी फोनवर या यंत्रणेचा मूळपुरुष शोधत बसले आणि मिळालेली गोष्ट वाचून उठून बसले. राल्फ टीटर. जन्म १८९०, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं हॅगर्सटाउन हे लहानसं गाव. पाच वर्षांचे असताना सुरीने डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. हा अंध माणूस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९१२ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाला, पिस्टन रिंगा बनवणाऱ्या 'परफेक्ट सर्कल' कंपनीचा पुढे अध्यक्ष झाला, आणि मोटार इंजिनिअरांच्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या संस्थेचं अध्यक्षपदही त्याने १९३६ मध्ये भूषवलं. असं सांगतात की त्यांचा वकील गाडी चालवता चालवता बोलायचा, आणि बोलताना वेग कमी व्हायचा, ऐकताना वाढायचा. दिसत नसल्यामुळे टीटरना ते हेलकावे अंगभर कळायचे. त्यातून त्यांच्या डोक्यात वेग धरून ठेवणारं यंत्र आलं. पेटंट मिळालं १९५० मध्ये. क्रायस्लरने १९५८ च्या गाड्यांत ते 'ऑटो-पायलट' म्हणून बसवलं, आणि आज रूढ असलेलं 'क्रूझ कंट्रोल' हे नाव कॅडिलॅकने दिलं.

म्हणजे हे यंत्र चालकाने शोधलेलं नाही. शेजारच्या सीटवर बसून हिसके सोसणाऱ्याने शोधलं.

पण मी उठून बसले ते वेगळ्याच दोन गोष्टींमुळे. एक, त्या पेटंटचं नावच 'ॲक्सिलरेटर दाबायला विरोध करणारं वेगनियंत्रक साधन' अशा अर्थाचं आहे. मुळात त्यात दिवाबिवा महत्त्वाचा नव्हता. ठरवलेला वेग आला की पायाखालचं पेडल उलटं ढकलू लागायचं. खूण डोळ्यांना नव्हे, तळपायाला मिळायची. अंध माणूस दुसरी कोणती खूण योजणार? आणि ती खूण किती बरोबर होती! पाय पेडलवर असेपर्यंत कोण चालवतंय ते पायालाच कळतं. पुढच्या काळात केबलवाल्या गाड्यांतही निदान पेडल आपलं आपण खाली-वर व्हायचं, भुताने दाबल्यासारखं. आता सगळा कारभार विजेच्या तारेवर. इंजिन चढावर जोर लावतं तेव्हाही पेडल शांत उभं असतं, पायाला काहीच सांगितलं जात नाही. सगळी बातमी त्या नखाएवढ्या चित्राच्या रंगात येऊन बसली आहे. दुसरी गोष्ट अशी की पहिल्या महायुद्धाच्या वेळी टीटर न्यू जर्सीतल्या कॅमडेनच्या जहाज कारखान्यात विनाशिकांच्या टर्बाइनचे रोटर संतुलित करायची पद्धत बसवत होते. डोळसांना न जमलेलं काम त्यांनी बोटांच्या स्पर्शावर केलं.

टर्बाइनचे रोटर! मी लगेच मामांना शोधत गेले. ते मांडवाच्या कडेला केटररच्या माणसाशी जनरेटरविषयी बोलत होते. तो जनरेटर 'हंटिंग' करतोय, म्हणजे त्याचा वेग खाली-वर होतोय, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि दिव्यांकडे बघितल्यावर मलाही ते दिसलं. उजेड श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होत होता. गव्हर्नर बघायला हवा, मामा म्हणत होते. गव्हर्नर हे क्रूझ कंट्रोलच्या खापरपणजोबांचं नाव. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे फाकून वर उचलले जात आणि वाफेची झडप मिटवत, वेग घटला की खाली येऊन ती उघडत. तेव्हापासून यंत्राला 'एवढ्यावरच राहा' म्हणून सांगायची हीच चाल आहे. कोराडीचा टर्बाइन त्यावरच ३००० फेऱ्यांना बांधलेला असायचा.

टीटरांची गोष्ट मामांनी उभ्या उभ्या ऐकली. डोळ्यांविषयी काही बोलले नाहीत. रोटरचं ऐकल्यावर मात्र त्यांनी उजवा पंजा पालथा करून हवेत धरला. "बेअरिंगवर असाच हात ठेवायचो आम्ही. व्हायब्रेशनचं मीटर होतंच. पण फेरीला गेलं की हात ठेवायचाच." त्यांचा एक सहकारी लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगला आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवून ऐकायचा आणि मीटरच्या आधी सांगायचा, हे बेअरिंग आठवडाभरात त्रास देईल. सुरुवातीचे ते जुने संच आता बंद झालेत. नव्या, ६६० मेगावॅटच्या संचांच्या कंट्रोल रूममध्ये भिंत नाही, पडदे आहेत. मामा एकदा जाऊन बघून आले होते. छान आहे, म्हणाले, सगळं बसल्या जागी दिसतं. मग थोड्या वेळाने, फक्त गरम नाही लागत.

समृद्धीबद्दल माझ्या मनात सरळ एकच भावना कधीच नसते. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याने नागपूरला पश्चिमेच्या जवळ आणलं, हे खरं. आजोळच्या माणसांच्या सुखदुःखाला आता त्याच दिवशी पोचता येतं. कारंजा-मालेगाव-मेहकरच्या जुन्या रस्त्यावर खड्डे चुकवण्यात, बैलगाड्यांमागे तिष्ठण्यात दिवस जायचा. पण त्या रस्त्यावर झोप यायची नाही, तो येऊच द्यायचा नाही. इथे मोटारींना १२० ची मुभा, वळणं नावापुरती, गाव नाही, टपरी नाही, आडवा येणारा माणूस नाही. वर्तमानपत्रांतून 'महामार्ग संमोहन' हा शब्द आपल्याकडे रुळला तो याच रस्त्यामुळे. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या टापूत गाडी आली की मामी आजही हात जोडतात, कोणत्या दिशेला ते त्यांनाही ठाऊक नाही. अशा रस्त्यावर पायाचंही काम काढून घ्यावं का? मी दोन्ही बाजूंनी विचार करते. पाय मोकळा असला की गुडघा दुखत नाही, वेग नकळत वाढत नाही, कॅमेऱ्याची पावती येत नाही. गेल्या काही वर्षांत बनलेल्या गाड्या ऐंशी ओलांडल्यावर अधूनमधून टुणकन वाजतात आणि एकशेवीसला सलग कोकलतात. २०१९ पासून तो नियमच आहे. पण तो आवाज वेगाबद्दल बोलतो, लक्षाबद्दल नाही. आणि साध्या क्रूझ कंट्रोलला डोळे नसतात. पुढे ट्रक उभा असो की नीलगाय, ते शंभर धरून ठेवणार. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारे नवे प्रकार आलेत, त्यांच्या दिव्यात गाडीचं चित्र आणि अंतराच्या पट्ट्याही दिसतात. माझ्या गाडीत ते नाही, आणि मला ते हवंय की नको हे अजून ठरत नाही.

मामांचा आक्षेप नेमका इथेच होता, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. "चालू आहे, एवढंच सांगावं दिव्याने," ते म्हणाले. "ठीक आहे, हे त्याने कशाच्या जिवावर सांगावं? त्याला पुढचं दिसतं का?" लाल असता तर बरं झालं असतं का, असं मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. लाल असता तर लोक घाबरले असते, गाडी बाजूला घेतली असती, म्हणाले. मग? मग म्हणाले की त्यांच्याकडे दिव्यावर कोणी सोडायचंच नाही. ऑटोला टाकलं की डेस्कवरचा माणूस तोंडाने सांगायचा, "फीड वॉटर ऑटो," म्हणजे बॉयलरचं पाणी आता यंत्राकडे, आणि दुसरा तेच परत म्हणायचा. मॅन्युअलला घेतलं तरी तसंच. पाळी बदलताना कोणती गोष्ट हातात आहे आणि कोणती यंत्राकडे, हे वहीत लिहून द्यायचं, घेणाऱ्याने सही करायची. सही झाल्याशिवाय आधीचा माणूस खुर्ची सोडत नसे, मग घरी पोरगं तापलेलं असो. मामी मागून म्हणाल्या, "ते तापलेलं पोरगं कोण सांभाळायचं ते पण वहीत लिहायचे का?" मामा गप्प झाले. त्या वहीत मामींची पाळी कधीच नव्हती, आणि त्या पाळीला सुटीही नव्हती.

मालेगाव सोडल्यावर गाडी मामांच्या नातवाने घेतली, तो परतीला लग्नाहून आमच्यासोबत आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परवाना ताजा, हात चांगला. मी मागे मामींशेजारी गेले. निघण्याआधी मामांनी, म्हणजे त्याच्या आबांनी, त्याला शाळा घेतल्यासारखं सगळं समजावलं. पांढरं म्हणजे काय, हिरवं म्हणजे काय, जुन्या आकड्याचं बटण कधी दाबायचं नाही, पाऊस असेल तर लावायचंच नाही, कारण पाण्यावर चाक घसरलं तरी ते गॅस देत राहील. आणि बटण दाबलं की मोठ्याने 'ऑटो' म्हणायचं, ब्रेकला पाय गेला की 'मॅन्युअल'. पोरगं माझ्याकडे आरशातून बघून डोळे मिचकावत होतं. "आबा, हे विमान आहे का?" पण त्याने ऐकलं. पहिल्यांदा 'ऑटो' म्हणाला ते नाटकात म्हणतात तसं, आबांनी पुढून गंभीरपणे "ऑटो" असं परत दिलं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला त्याच्या आवाजातली चेष्टा गेली. एक चारचाकी आमच्या लेनमध्ये आली, त्याने ब्रेक टेकवला, "मॅन्युअल," आणि मला मागे बसून, डॅशबोर्ड दिसत नसताना, नेमकं कळलं की आता गाडी पोराच्या पायावर आहे.

यात सगळ्यात रंगल्या त्या मामी. त्यांना मीटर दिसत नव्हतं, चित्र दिसत नव्हतं, क्रूझ कंट्रोल म्हणजे काय हे त्यांनी विचारलंही नव्हतं. पण रस्ता त्यांना दिसत होता. वर्ध्याच्या अलीकडे दूरवर एक ट्रॅक्टर दिसला, जो त्या रस्त्यावर असायलाच नको होता. कडबा लादून कडेकडेने चाललेला, मागे लाल दिवा नाही. नातवाचं लक्ष होतं की नव्हतं कोण जाणे. मामांनी तोंड उघडायच्या आत, त्याचा पाय हलायच्या कितीतरी आधी, मागून मामी कडाडल्या, "मॅन्युअल!"

"मॅन्युअल, आजी," पोरगं म्हणालं, आणि पाय ब्रेकवर गेला.